बैलानं पास केलेलं मखर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझे सासरे ओसरीवर आले, माजघराच्या दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "औंदा महालक्ष्म्यांच्या मखराले जे बैल खाईन तेच लागीन. बैल जे खात नाई, थे या घरात येनार नाई."

एवढं बोलून त्यांनी खांद्यावर उपरणं टाकलं आणि शेताकडे निघून गेले.

आत आम्ही तिघी होतो. सासूबाई, मोठी जाऊ आणि मी. सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "याहीले काय झालं व माय!" त्या म्हणाल्या. पण काय झालं होतं ते आम्हा तिघींनाही माहीत होतं. मला तर सगळ्यात जास्त.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, त्या दोनचार वर्षांतली ही गोष्ट. मोताळ्यापासून बैलबंडीनं तासाभराच्या वाटेवर आमचं गाव. माझं माहेर मात्र मलकापूरचं, आगगाडीच्या आणि दुकानांच्या गावचं. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना मी माहेरून पेटीभर सामान घेऊन आले होते: गुलाबी आणि हिरवा पतंगी कागद, बेगडाच्या माळा, आत बारीक तार घातलेली चमकी. त्या वर्षी आमच्या घरचं मखर बघायला सगळं गाव लोटलं. मलकापूरची सून, मलकापूरची सून, असं जो तो म्हणत होता आणि मी पंधरा दिवस जमिनीवर नव्हते. विसर्जन झालं, मखर उतरवलं आणि ते सगळं उकिरड्यावर गेलं.

दिवाळीच्या तोंडावर जोडीतला पांढरा बैल रवंथ करायचा थांबला. त्याचं पोट फुगलं. मोताळ्याहून गुरांचे डॉक्टर आले, नळीनं औषध पाजून झालं, पण पाचव्या दिवशी बैल गेला. त्याला उचलून नेणाऱ्या माणसांनी पोटातून निघालेला गोळा पाण्यात धुऊन मामंजींना आणून दाखवला. कागदाचा लगदा, सुतळी आणि त्यात गुंतलेली चमकीची तार. ती अजून चकाकत होती.

मला कोणी एक अक्षर बोललं नाही. ना मामंजी, ना सासूबाई, ना माझे यजमान. कोणी बोललं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. वर्षभर मी गोठ्याच्या बाजूनं जाताना मान खाली घालून जात होते.

म्हणून त्या सकाळी मामंजींचं बोलणं ऐकून मी मान खाली घातली. पण जाऊबाईंचं उलटंच झालं. त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. घरात त्यांना कुणी कधी काही विचारत नसे. लावायचं काय, शिवायचं काय, सगळं सासूबाई सांगणार आणि या करणार. त्यांनी पदर कमरेला खोचला, पाटी आणि पेन्सिल माझ्या हातात दिली आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, "लहाने, लिही बरं! बैल काय काय खाते?"

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. कडबा. हिरवी ज्वारी. मक्याचं कणीस. मुगाच्या शेंगा. मारवेल गवत. सरकी. ढेप, म्हणजे सरकीची पेंड. गूळ. पुरणपोळी. "पुरनपोळी तर कालच खाल्ली त्याहीनं पोळ्याले," जाऊबाई म्हणाल्या आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो.

"हसून काय राह्यल्या?" सासूबाई चिडल्या. "लक्ष्मी काय गोठ्यात बसवाची हाय? लोक काय म्हनतीन?"

दुपारी मामंजी जेवायला बसले तेव्हा सासूबाईंनी वाढता वाढता विषय काढला. "मुखवटे पितळेचे हायत. थे काय बैल खाते?"

मामंजींनी घास चावून पुरता केला. "मुखवटे दर साली पेटीत जातात. उकिरड्यावर नाई जात."

"अन् पनत्या?"

"माती हाय. मातीत जाते."

आतून आम्ही ऐकत होतो. जाऊबाईंनी मला कोपरानं ढोसलं आणि मी पाटीवर लिहिलं: पेटीत जाणारं चालेल. मातीत जाणारं चालेल. बाकीचं बैलाला विचारायचं.

आणि आम्ही खरोखरच बैलाला विचारलं. दुसऱ्या दिवसापासून आमचा तोच उद्योग. शेतातून काहीतरी तोडून आणायचं आणि गोठ्यात नेऊन पांढऱ्याच्या जोडीतल्या तांबड्या बैलापुढे धरायचं. तांबडा म्हातारा होता, अनुभवी होता, तोंड लावायच्या आधी नीट वास घ्यायचा. झेंडू त्यानं खाल्ला. मक्याच्या कणसावरची साल मिटक्या मारत खाल्ली. तिळाची पांढरी फुलं मी किती हौसेनं नेली होती, नाजूक, घंटेसारखी. त्यानं हुंगलं आणि मान फिरवली. "नापास," जाऊबाई म्हणाल्या. मी पाटीवरून तीळ पुसला. मग मी लाल कण्हेरीची फांदी घेऊन निघाले, तर आमचे सालदार धावत आले. पन्नाशीचा माणूस, स्वतःच्या लग्नाच्या आधीपासून या घरात कामाला. "बाई, थे नोको! कन्हेर जहर हाय. बैल मरीन." माझ्या हातातून फांदी गळूनच पडली. त्यांनी ती उचलली आणि कुंपणापलीकडे फेकली. त्यानंतर प्रत्येक गोष्ट आम्ही आधी त्यांना दाखवायचो आणि मगच बैलाला.

मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी मामंजींनी बंडी जुंपली. जाऊबाई आणि मी मागे बसलो. दर वर्षी या बाजारात कागद, बेगड, डिंक, रंगाच्या पुड्या घ्यायच्या. कागदवाल्याच्या दुकानासमोरून जाताना त्यानं हाक मारली, "या बाई, औंदा नवीन चमकी आली हाय!" जाऊबाईंनी पदर पुढे ओढला आणि झपाझप पुढे निघाल्या. मी मागोमाग. मग आम्ही थांबलो त्या कुठे, तर ढेप आणि सरकी विकणाऱ्याच्या पालासमोर. तिथं नुसते पुरुष. सगळे आमच्याकडे बघायला लागले.

"चांगली, गोल गोल ढेप द्या," जाऊबाई म्हणाल्या. "तुटकी नोको. दिसाले चांगली पाह्यजे."

"दिसाले?" तो माणूस बुचकळ्यात पडला. "बाई, बैल काय ढेपीचं रूप पाह्यते? किती बैल हायत?"

"बैल नाई. दोन बाया हायत. अडीच दिवस राह्यतात."

तो माणूस इतका मोठ्यानं हसला की शेजारच्या पालातली माणसं उठून आली. त्यानं शोधून शोधून गोल ढेपी काढून दिल्या. मक्याची कणसं विकणाऱ्या म्हातारीनं सालीसकट कणसं दिली आणि वर सोललेल्या सालींचा ढीग फुकट दिला. अंबाडीची दोरी घेतली, कारण सुतळीची आम्हाला धास्ती होती आणि अंबाडीचा ओला पाला तर बैल आवडीनं खातो. सामान ठेवायला बुरडिणीकडून दोन टोपल्या घेतल्या. आमच्या आयुष्यातला तो सगळ्यात मजेचा बाजार. बंडीत सामान चढलं तेव्हा असं वाटत होतं की आम्ही सणासाठी नाही, गोठा भरायला निघालोय.

परतताना जाऊबाईंना टोपल्यांना टेकून झोप लागली. मामंजी पुढे, मी मागे. वर्षभरात मी त्यांच्याशी दहा शब्दही बोलले नसेन, तशी रीतच होती. पण त्या दिवशी माझ्यात कुठून धीर आला कोण जाणे. डोईवरचा पदर सारखा करून मी म्हणाले, "मामंजी, मागच्या वर्षी ती चमकी मी आणली होती."

त्यांनी कासरा सैल सोडला. मग ते मागे न बघता म्हणाले, "मले मालूम हाय."

मी खाली बघत बसले.

"तू आनली," ते म्हणाले, "पन उकिरड्यावर मी टाकली. माह्या या हातानं. बैल तथीच चरते हे मले मालूम होतं, तुले नोहोतं." मग ते म्हणाले, "मखर चांगलं होतं. मले आवडलं होतं."

मी पदरानं तोंड पुसलं. वर्षभर छातीवर असलेलं ओझं त्या खडबडीत रस्त्यावर कुठेतरी मागे राहिलं. घर आलं तेव्हा मी बंडीतून उडी मारून उतरले. सासूबाई ओरडल्या, पण मला काही वाटलं नाही.

मखर सालदारांनी उभं केलं. ज्वारीच्या वाळलेल्या ताटाला आमच्याकडे धांडा म्हणतात. त्याची वरची कडक साल सोलली की आत पांढराशुभ्र, हलका गाभा निघतो. त्या सालीच्या काड्या गाभ्यात खुपसत गेलं की खिळा नको, दोरा नको, डिंक नको, एकेक तुकडा जोडला जातो. लहानपणी सगळ्या वऱ्हाडानं या धांड्याच्या बैलगाड्या केल्या आहेत. पण सालदारांनी त्या धांड्यांची कमान केली, कमानीला जाळी केली, जाळीत खिडक्या केल्या. ते ओसरीवर मांडी घालून बसायचे आणि आम्ही दोघी सोलून सोलून द्यायचो. आमच्या बोटांना चिरा पडल्या. मक्याच्या साली हळदीच्या पाण्यात बुडवल्या की पिवळ्या व्हायच्या, त्यात चुन्याची चिमूट टाकली की लाल. त्या वाळवून आम्ही फुलं केली, पाकळी पाकळी अंबाडीनं बांधून. मुगाच्या शेंगांचं तोरण झालं. गोल ढेपी कमानीच्या पायाशी रचल्या. भिजवलेल्या सरकीच्या माळा झाल्या, लांबून पाहिलं तर करड्या मोत्यांच्या वाटाव्यात. सासूबाई येता-जाता नाक मुरडायच्या. पण आंबील ढवळता ढवळता त्यांची मान वारंवार ओसरीकडे वळायची, ते आम्ही पाहिलं होतं.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी खामगावहून मोठ्या नणंदबाई आल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. खामगावला त्यांचं घर बाजारपेठेत, यजमानांचं सरकीच्या तेलाचं काम. अक्का आल्या त्या हातात एक मोठा खोका घेऊनच. "पाहा काय आनलं!" म्हणत त्यांनी झाकण काढलं. आत प्लास्टिकची फुलं. तोवर आम्ही ती कधी पाहिली नव्हती. गुलाब, कमळं, द्राक्षांचे घोस, सगळी तकतकीत. पाण्यानं धुतली की पुन्हा नवी. आमच्या गल्लीतल्या बायका डोळे विस्फारून हात लावून बघायला लागल्या.

अक्कांनी मखराकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "हे काय? हे कडब्याचं काय लावून ठेवलं? आई, तुले चालते हे?"

सासूबाईंनी मामंजींकडे बोट केलं. मामंजी ओसरीवरच होते. ते लेकीला म्हणाले, "चाल माह्यासंगं."

आम्ही सगळ्या मागून गेलो. गोठ्यात तांबड्यापुढे उभं करून मामंजींनी खोक्यातला एक गुलाब तिच्या हातात दिला. "चार त्याले. खाल्ला तर लाव."

"बाबा, असं काऊन करता?"

"चार."

अक्कांनी गुलाब पुढे धरला. तांबड्यानं मान लांबवली, गुलाब हुंगला, आणखी हुंगला, आणि मग नाकातून असा जोरात फुरफुरला की अक्कांच्या नव्या लुगड्यावर शिंतोडेच शिंतोडे. गल्लीतल्या बायका हसल्या. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खोका उचलला आणि आत जाऊन कोपऱ्यात बसल्या. मला एकदम वाईट वाटलं. त्यांचा चेहरा मला ओळखीचा होता. पेटीभर कौतुक घेऊन यायचं आणि ते कुणाला नको असायचं, याची लाज काय असते ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी धांड्यांची एक मोळी उचलली आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. "अक्का, कमानीवर पोपट पाहिजेत. सालदार म्हणतात त्यांना जमत नाहीत."

त्यांनी तोंड फिरवलं. मी मुद्दाम एक धांडा उलटा सोलायला घेतला. साल मधेच तुटली. पुन्हा घेतला, पुन्हा तुटली.

"अवं तशी नाई!" त्यांनी माझ्या हातातून धांडा हिसकला. "पेराकडून धर. हे पाह्य." नखानं साल उचलून त्यांनी एका झटक्यात अखंड पट्टी ओढून काढली. मग दुसरी. मग गाभ्याचा तुकडा कापला, चोच काढली, शेपटी वाकवली. त्यांच्या मांडीवर एक पोपट उभा राहिला. सालदार दारातून बघत होते. ते म्हणाले, "ही लहानपनी अशीच बसे. माह्या मोळ्याच्या मोळ्या संपवे." अक्का लाजल्या आणि हसल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी अकरा पोपट, दोन मोर आणि मधोमध टांगायला एक झुंबर केलं होतं, ज्याला वारा लागला की ते आपोआप फिरायचं. त्यांना जेवायला उठवावं लागलं.

पहिल्या दिवशी महालक्ष्म्या आल्या, बसल्या. कमानीखाली दोघींच्या पितळी मुखवट्यांवर पणत्यांचा उजेड पडला आणि धांड्याचा पांढरा गाभा हस्तिदंतासारखा चमकला. जाऊबाई, अक्का आणि मी एकमेकींचे हात धरून उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी जेवण. पहाटे सासूबाईंची किंकाळी ऐकून मी उठले. धावत ओसरीवर गेले. गाईचा गोऱ्हा दावं सोडवून आत शिरला होता आणि मखराची डावी बाजू त्यानं साफ केली होती. मुगाचं तोरण गेलं, मक्याची फुलं गेली, निम्मी जाळी गेली. तोंडात एक पोपट होता आणि तो शांतपणे चावत होता.

"अपशकून झाला व माय!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "नैवेद्याच्या दिशी!"

मामंजी बाहेरून आले. त्यांनी मखर पाहिलं, गोऱ्हा पाहिला, त्याच्या तोंडाबाहेर लोंबणारी पोपटाची शेपटी पाहिली आणि हसायला लागले. बैल गेल्यापासून त्यांना असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. ते खांबाला धरून हसत होते. त्यांना पाहून सालदार हसले, मग जाऊबाई, मग मी. सासूबाई क्षणभर रागानं बघत राहिल्या आणि मग त्यांच्याही तोंडून हसू फुटलं. त्यांनी पुढे होऊन गोऱ्ह्याच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. "लक्ष्मीच्या घरी पयला यानंच जेवलं," त्या म्हणाल्या. "आता पोटाले काई होनार नाई ना याच्या?"

"काईच होत नाई," मामंजी म्हणाले. "खाऊ दे."

मग जी धांदल उडाली ती अजून माझ्या अंगात आहे. नैवेद्याला दुपारपर्यंतचा वेळ आणि मखर अर्धं. घरात सोळा भाज्या चिरायच्या, पुरण वाटायचं. सासूबाईंनी एकदम हुकूम सोडला, "मोठे, तू सैपाक पाह्य. लहाने, तू अन् अक्का मखराले बसा. मी गल्लीत जातो." आणि ज्या सासूबाईंना लोक काय म्हणतील याची चिंता होती, त्या दारोदार फिरून सांगून आल्या. अर्ध्या तासात बायका यायला लागल्या. कोणी परसातली मक्याची कणसं आणली, कोणी शेंगा, कोणी बाजरीची हिरवी कणसं. शेजारच्या पिंजाऱ्याच्या घरची भाभी पिंजलेल्या कापसाचा पेळू घेऊन आली. "बैल ये खाता क्या, मालूम नहीं," ती म्हणाली. सालदार म्हणाले, "कापूस सरकीसंगं खातेच की." पास! त्या कापसाचे ढग करून आम्ही कमानीच्या वर लावले. ती कल्पना आमच्या डोक्यात आलीच नसती. डावी बाजू उजव्या बाजूसारखी झाली नाही. ती उजवीपेक्षा चांगली झाली. दहा घरांच्या दहा तऱ्हा, कुठे बाजरी, कुठे शेंगा, कुठे मारवेलाच्या वेण्या. ज्या बाईनं जे लावलं ते ती येणाऱ्या प्रत्येकीला बोट करून दाखवत होती.

नैवेद्य झाला, पंगती उठल्या, आरती झाली. आरतीच्या वेळी अक्का माझ्या शेजारी होत्या. त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर लागला होता.

तिसऱ्या दिवशी विसर्जनानंतर मखर उतरवलं. मुखवटे पेटीत गेले. बाकीचं सगळं टोपल्यांत भरून मामंजींनी मला म्हटलं, "तू चार." मी एकेक माळ तांबड्यापुढे धरली. जोडीतल्या नव्या बैलापुढे धरली. तिथं उभं राहताना माझी मान वर होती. झुंबर मात्र अक्कांनी देऊ दिलं नाही, ते त्यांना खामगावला न्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जावा त्यांना मोताळ्याच्या थांब्यावर पोचवायला गेलो. अक्कांच्या एका हातात खोका, दुसऱ्या हातात झुंबर. कंडक्टर म्हणाला, "बाई, हे कडब्याचं वर टाका टपावर."

"टपावर खोका टाका," अक्का म्हणाल्या. "हे मी मांडीवर घेतो."

बस सुटली. जाऊबाई आणि मी परत निघालो. दोन्ही बाजूंनी ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. जाऊबाई चालता चालता एकाएकी थांबल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "लहाने, दसऱ्याले दारावर काय लावू व?" मग घर येईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींना बोलूच देत नव्हतो.